पिठलं-भाकरी : एका ‘साध्या’ जेवणाचा इतिहास

घरी परतायला उशीर झाला, भाजी आणायची राहिली, की संध्याकाळी ठरलेले उत्तर येते : ‘आज पिठलं-भाकरीच करू या.’ या वाक्यातला ‘च’ बोलका आहे. हे जेवण पूर्वापार चालत आलेले आहे आणि त्याला फारसे कष्ट पडत नाहीत, अशा दोन समजुती त्यात दडलेल्या आहेत. दोन्ही तपासून पाहण्याजोग्या आहेत, असे आम्हाला वाटते.

आधी ‘पूर्वापार’विषयी. ज्वारी हे मूळचे आफ्रिकेतले धान्य. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे मुख्य धान्य जव होते; जोडीला मसूर, वाटाणा, कुळीथ. म्हणजे कोकणातली कुळथाची पिठी या मातीत अधिक जुने नाते सांगू शकेल. मिरची तर सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत अमेरिका खंडातून आली. फोडणीच्या तेलाचा शेंगदाणाही मूळचा तिकडचाच. बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर राजाने ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. त्यात मांडे आहेत, वडे आहेत. मिरची असणे शक्यच नव्हते. आज ज्या ठेच्यावाचून पिठल्याचे ताट अपुरे वाटते, तो चारपाचशे वर्षांपलीकडचा नाही.

राजाच्या ताटाचा असा लेखी पुरावा मिळतो; रोजच्या रात्रीच्या जेवणाचा सहसा मिळत नाही. मराठीत लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० साली आले, कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली. ही पुस्तके मोलाची आहेतच. पण ती वाचणाऱ्या घरांची आहेत. ज्या घरांत भाकरी हेच जेवण होते, तिथे कृती लिहून ठेवण्याची कुणाला गरजच नव्हती. ती हातातून हातात गेली.

आता कष्टांविषयी. गव्हाच्या कणकेतला चिवटपणा ज्वारीच्या पिठात नसतो. भाकरी गरम पाण्यात पीठ मळून हाताने थापावी लागते. पीठ शिळे झाले की त्याची ‘विरी’ जाते आणि भाकरी थापतानाच चिरते. म्हणून महिन्याचे दळण एकदम करून ठेवणे सोयीचे नव्हते. गिरणी गावात येईपर्यंत बाई पहाटे उठून लागेल तेवढे दळत असे. रात्रीच्या ‘झटपट’ पिठल्याची तयारी अशी अंधारातच सुरू होई. आपण मात्र वेळ मोजतो तो फोडणीपासून.

या पहाटेचा पुरावा पाकपुस्तकांत नाही. तो ओवीत आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. साहित्याचे अध्यापक म्हणून आम्ही ओवीकडे छंद आणि भावना यांच्याच अंगाने पाहत आलो. माहेर, भाऊ, विठ्ठल यांवर टिपणे दिली. ओवी चालू असताना दगडाखाली धान्य भरडले जात होते, हे सांगायचे राहिले. ही चूक आम्ही आमच्या पदरी घेतो.

या जेवणाची प्रतिष्ठाही स्थिर राहिलेली नाही. १९७२च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी लोकांनी नाइलाजाने खाल्ली. तिची चव त्या पिढीच्या तोंडून अजून ऐकू येते. पुढे गहू स्वस्त आणि सहज मिळू लागला, तशी पोळी रोजची झाली आणि भाकरी मागासलेपणाची खूण ठरली. मग चक्र फिरले. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. आता महामार्गावरच्या हॉटेलांत ‘चुलीवरची भाकरी’ची पाटी लागते. गरिबाच्या ताटातून बाहेर पडलेली भाकरी अशी हौस म्हणून परत आली.

जाते गेले, गिरणी आली. चुलीच्या जागी गॅस आला. कष्ट कमी झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘आज रात्री काय करायचे?’ हा प्रश्न बहुतेक घरांत अजूनही एकाच व्यक्तीला विचारला जातो. जेवण साधे आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार खाणाऱ्याला नाही. परातीसमोर बसणाऱ्या बाईला विचारावे.