तंबू कुठे ठोकायचा?

मंडळी, आफ्रिकेत शिकारीला जाणारा सिंहासाठी बंदूक घ्यायचा. पण कित्येकांना आडवं पाडलं ते गोचिडीने. ही गोचीड झोपड्यांच्या जमिनीत, जुन्या तळांच्या धुळीत लपते. रात्री झोपेत चावते, आणि मग पुन्हा पुन्हा उलटणारा ताप येतो. काँगोत जोसेफ डटन आणि जॉन टॉड यांनी हा संबंध शोधून काढला. त्याच तापाने १९०५ साली डटन तिथे गेला. खात्रीचं औषध तेव्हा नव्हतंच. मग उपाय कोणता? जुना तळ टाळायचा, जमिनीवर झोपायचं नाही, खाटेच्या मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचायच्या. बघा, इथे नेमबाजी कामाची नाही. शत्रू राहतो कुठे, एवढं कळलं तरी माणूस वाचतो.