वजनविषयक गैरसमज, किशोरवयातील

वय व उंचीच्या मानाने वजन योग्य असूनही किशोरवयीन (१० ते १९ वर्षे) मुले-मुली स्वतःला जाड किंवा बारीक समजतात, त्या समजुतीला वजनविषयक गैरसमज म्हणतात. तो आजार नव्हे. पण आहार, व्यायाम व मनःस्थिती यांवर त्याचा परिणाम होतो.

मोजमाप : किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून बीएमआय हा निर्देशांक काढतात. प्रौढांना सर्व वयांत एकच मर्यादा लागू पडते. वाढीच्या वयात ती वय व लिंगानुसार बदलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यात १५ वर्षांच्या मुलीसाठी योग्य टप्पा सुमारे १५.९ ते २३.५, तर मुलासाठी १६ ते २२.७ आहे. याच वयाच्या, १५२ सेंमी. उंचीच्या, ४५ किग्रॅ. वजनाच्या मुलीचा निर्देशांक १९.५ येतो; ती स्वतःला जाड म्हणत असेल, तर तो गैरसमज ठरतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या ‘इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स’ने २०१५ मध्ये केलेल्या तक्त्यात अतिवजनाची रेषा प्रौढांच्या २३ या निर्देशांकाशी, तर जागतिक तक्त्यात २५ शी जुळते. त्यामुळे एकच मूल एका तक्त्यात योग्य वजनाचे, तर दुसऱ्यात अतिवजनाचे ठरू शकते. साहजिकच गैरसमजाचे प्रमाणही तक्त्यानुसार बदलते.

स्वरूप व कारणे : मुलींत स्वतःला जाड, तर मुलांत बारीक समजण्याकडे कल अधिक दिसतो. वयात येताना मुलींच्या शरीरातील चरबी स्वाभाविकपणे वाढते. मुलांची उंची साधारण चौदाव्या वर्षी झपाट्याने वाढते, स्नायू मागाहून भरतात. ‘अंगाने सुटली’, ‘खाल्लेलं अंगी लागत नाही’, ‘काडीपैलवान’ असे शेरे आणि पडद्यावरील देह यांची त्यात भर पडते. फिजीच्या एका प्रांतात १९९५ साली दूरचित्रवाणी पोहोचली. त्यानंतर तीन वर्षांनी संशोधक अ‍ॅन बेकर यांनी तेथे केलेल्या पाहणीत ७४ टक्के किशोरींनी आपण निदान कधीतरी जाड आहोत असे वाटते, असे सांगितले. याउलट, २००२ ते २०१८ या काळातील ४१ देशांच्या पाहण्यांत वजन जास्त समजण्याचे प्रमाण घटले व कमी समजण्याचे वाढले.

परिणाम : स्वतःला जाड समजणाऱ्या मुली जेवण टाळतात. २०१६–१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील ४० टक्के किशोरींत रक्तक्षय आढळला. अशा स्थितीत उपास अधिक घातक ठरतो. अमेरिकेतील २०१५ च्या एका अभ्यासात, योग्य वजन असूनही स्वतःला जाड समजणारी मुले पुढे लठ्ठ होण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळली. स्वतःला बारीक समजणारे मुलगे प्रथिनांच्या भुकट्यांकडे वळतात.

पोशीर परिसर : स्थानिक उदाहरण म्हणून, रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील पोशीर हे गाव उल्हास नदीच्या उपनदीकाठच्या पट्ट्यात आहे. या तालुक्यात शेतकरी वस्त्यांबरोबर ठाकूर व कातकरी वाड्या आहेत. कातकरी कुटुंबे हंगामात वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. नेरळ-कर्जतच्या लोकलमुळे मुंबईची राहणीही जवळ आहे. त्यामुळे येथे खरा कृशपणा आणि कृशपणाचा समज वेगळे ओळखावे लागतात. वरील राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील २४ टक्के किशोरवयीन मुले कृश, तर ५ टक्के अतिवजनाची आढळली. लहानपणीच्या कुपोषणाने उंची खुंटलेल्या मुलाचा निर्देशांक मात्र योग्य येऊ शकतो. म्हणून उंचीही स्वतंत्रपणे तपासावी लागते.

उपाय : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत वर्षातून एकदा उंची-वजन घेतात. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१४) आहार व मानसिक आरोग्याबाबत समुपदेशनाची सोय आहे. आकडा नुसता नोंदवून न ठेवता मुलाला तक्त्यावर दाखवणे, तो वर्गात सर्वांसमोर न वाचणे आणि ‘जास्त खा’ किंवा ‘कमी खा’ हा सल्ला मोजमापानंतरच देणे, ही पथ्ये पाळावीत. जेवण सतत टाळणे, ओकारी काढणे किंवा वजन झपाट्याने घटणे ही आहारविकाराची लक्षणे असू शकतात. तेव्हा डॉक्टरांना दाखवावे.