शिलेवरची अक्षरे आणि आपला फलक

वर्धापनदिन जवळ आला की विहारात फलकाचा विषय निघतोच. गाथा कुठे, दात्यांची नावे कुठे, अक्षर केवढे? मजकूर पेंटरच्या हातात दिला की आपलं काम संपलं, असं आपण धरून चालतो. परंतु दोन हजार वर्षांपूर्वी धम्माची अक्षरे दगडावर कोरली गेली, तेव्हा ती कशी मांडावीत याचा विचार झाला होता. तो आपण समजून घेतला पाहिजे.

त्यात आम्हाला सर्वात मोलाचा वाटतो तो लुंबिनीचा स्तंभलेख. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर सम्राट अशोक तिथे गेले. इ. स. १८९६ मध्ये हा लेख उजेडात आला. ओळी अवघ्या पाच. पहिल्या ओळीत राजाचे नाव व राज्यवर्ष, बस्स. दुसरीत तो स्वतः आला, पूजा केली, कारण येथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले. तिसरीत दगडी काम आणि स्तंभ. चौथीत, भगवंत येथे जन्मले म्हणून गावाचा बली, म्हणजे कर, माफ. पाचवी अगदी आखूड, उत्पन्नाच्या आठव्या हिश्श्याबद्दल. पहिल्या चार ओळींत वीसेक अक्षरे, शेवटच्या ओळीत सहा. ती ओळ भरून काढायला कुणी अक्षरे ताणली नाहीत! अर्थ जिथे थांबतो तिथेच ओळ तोडली आहे. आपल्या बोर्डांवर मात्र गाथेचा शब्द अर्धा वर आणि अर्धा खाली, कारण काय, तर पत्रा संपला.

ब्राह्मीला शिरोरेषा नाही. 'क' म्हणजे अधिकचे चिन्ह, 'ठ' म्हणजे नुसते वर्तुळ. प्रत्येक अक्षर सुटे उभे, म्हणून त्याच्याभोवतीची मोकळी जागा सांभाळावी लागे. देवनागरीचे तंत्र निराळे. अक्षरे रेषेला टांगलेली, वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. दोन ओळींत अंतर कमी ठेवले की वरचा उकार खालच्या मात्रेत अडकलाच. मोडी लिहिणारे तर आधी अख्खी ओळ आखून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत.

मोकळी जागा म्हणजे काय, हे आपल्या वाडीच्या गंजिफाही शिकवतात. एका छोट्या गोल पत्त्यात एक मासा असो वा दहा, चितारी ते असे बसवतो की गर्दी वाटत नाही. (त्या पत्त्यांतला दशावतार आपल्याला मान्य नाही, बावीस प्रतिज्ञांत ते स्पष्टच आहे. आम्ही मांडणीपुरते बोलतोय.)

आता नावांचे. वादाचा मुद्दा इथेच असतो, नाही का? कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या लोकांची नावे त्यांनी दिलेल्या खांबांवरच कोरलेली आहेत. सिंहदत्त नावाच्या गांधिकाने, म्हणजे अत्तरवाल्याने, दरवाजाचे दान दिले. सामी नावाच्या सुताराने दरवाजाचे काम केले, त्याचाही लेख आहे. आपल्या कोकणातल्या कुड्याच्या लेण्यांत दात्यांमध्ये माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. ज्याने जे दिले, त्याचे नाव त्या वस्तूपाशी. आपण पंख्याच्या पात्यावर नाव घालतो, पंखा फिरला की वाचणार कोण!

कोणी म्हणेल, नाशिकच्या लेण्यात उषवदाताने रकमा लिहिल्या आहेत, मग आपण का लिहू नये? खरे आहे. तीन हजार कार्षापण त्याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले, दोन हजार एकीकडे आणि हजार दुसरीकडे. पण त्या व्याजातून भिक्षूंना चीवर मिळायचे होते. रक्कम लिहिली ती श्रेणींनी करार पाळावा म्हणून. आपल्या संगमरवरी पाटीवर पाच हजारवाला वर, एकावन्नवाला खाली, याला त्या लेखाचा आधार नाही.

तेव्हा आमची सूचना अशी. गाथा वर, मोठ्या अक्षरांत, दर ओळ अर्थावर तोडलेली. चहूबाजूंनी निदान एका ओळीएवढी जागा कोरी. दात्यांची नावे खाली, सगळी एकाच मापाची, रकमेशिवाय. आणि कोरायला देण्याआधी मजकूर खऱ्या मापात कागदावर लिहून भिंतीला चिकटवावा. महिला मंडळातल्या वयस्क मावशींना दारात उभं करून तो वाचायला सांगावा. त्या जिथे अडखळतील, तिथली ओळ बदलावी.