दहा वर्षे आरोपीच्या पिंजऱ्यात

कर्करोग म्हणजे पेशींची बेलगाम वाढ, असे आपण वर्गात सांगतो. मग हा लगाम असतो कोणाच्या हाती? या प्रश्नाचे एक उत्तर शास्त्रज्ञांसमोरच होते, पण दहा वर्षे त्यांनी ते उलटे वाचले.

१९७९ साली लंडनमध्ये डेव्हिड लेन, अमेरिकेत अर्नोल्ड लेव्हिन व आणखी काही गटांना माकडांच्या एसव्ही-४० या विषाणूच्या प्रथिनाला चिकटलेले पेशीचेच एक प्रथिन आढळले. वजन ५३ हजार डाल्टन वाटले, म्हणून नाव पडले पी-५३. (खरे वजन ४४ हजारांच्या आसपास, नाव मात्र तेच राहिले!) कर्कपेशींत ते भरपूर सापडे. त्याचे जनुक दुसऱ्या एका कर्कजनुकाच्या जोडीने उंदराच्या पेशींत घातले, की त्या बेफाम वाढत. मग काय, गुन्हेगार ठरला.

१९८९ मध्ये उलगडा झाला. प्रयोगांत वापरलेली जनुकेच बिघडलेली होती! निर्दोष जनुक घातले, तर वाढ थांबते. बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटाला मोठ्या आतड्याच्या अर्बुदांत त्याची एक प्रत हरवलेली व दुसरी बिघडलेली मिळाली. म्हणजे हा तर पहारेकरी.

पण काही अर्बुदांत हे जनुक शाबूत असते. तिथे पहारेकरी गप्प का? १९९२ मध्ये दिसले, की एमडीएम-२ नावाचे प्रथिन पी-५३ला धरून ठेवते. गंमत अशी, की एमडीएम-२ तयार करण्याचा हुकूम पी-५३च देते. डीएनएला इजा झाली, की ही पकड सुटते, पी-५३ साचते आणि पेशीचे विभाजन थांबवते. दुरुस्ती होणार नसेल तर पेशीला मरायला लावते.

ही पकड किती गरजेची? १९९५ मधला प्रयोग आम्हाला फार आवडतो. एमडीएम-२चे जनुक काढलेले उंदीर गर्भातच मेले. पी-५३चेही जनुक काढले, तेव्हा ते जन्मले आणि वाढले. मोकाट पहारेकरी घरच्यांनाच मारतो, हे त्यातून कळले.

विषाणूंनी ही खोच आधीच साधली आहे. गर्भाशयमुखाच्या बहुतेक कर्करोगांत पी-५३चे जनुक धड असते; पण पॅपिलोमा विषाणूचे ई-६ हे प्रथिन पेशीच्याच यंत्रणेकडून पी-५३चा नाश करवते. हे १९९० साली कळले. या विषाणूवरची लस २००६ पासून मिळू लागली. ती संसर्ग टाळते, झालेला बरा करत नाही. म्हणून ती शाळकरी वयातच द्यायची असते.