गव्हाची बीजप्रक्रिया

रोगांपासून पिकाचे रक्षण करण्यासाठी पेरणीपूर्वी बियाण्यावर करण्यात येणाऱ्या संस्कारास बीजप्रक्रिया म्हणतात. गव्हावरील दुर्गंधी काणीचा प्रसार दाण्यांना चिकटलेल्या काळ्या भुकटीमुळे होतो, हे फ्रान्समध्ये मात्यू तिये यांनी १७५५ मध्ये प्रयोगांच्या आधारे मांडले. ही भुकटी म्हणजे कवकाचे बीजाणू असून मोरचुदाच्या अत्यल्प प्रमाणानेही त्यांचे अंकुरण थांबते, असे बेनेदिक्त प्रेव्हो यांनी १८०७ मध्ये दाखविले. विसाव्या शतकात पाऱ्याची सेंद्रिय संयुगे प्रचारात आली. तथापि १९७१–७२ मध्ये इराकात अशी प्रक्रिया केलेले बियाणे दळून त्याच्या भाकरी खाल्ल्यामुळे रुग्णालयांत ४५९ मृत्यू नोंदले गेले. पोत्यांवरील इशारा परभाषेत होता.

मोरचूद व पारा यांचे कार्य मुख्यतः दाण्याच्या पृष्ठभागापुरते मर्यादित होते. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेले कार्बॉक्सिन हे आंतरप्रवाही कवकनाशक मात्र दाण्यातील भ्रूणात दडलेल्या काजळीच्या कवकाचाही नाश करते. त्यानंतरची ट्रायाडिमेनॉलसारखी द्रव्ये रोपाच्या पानांपर्यंत पोहोचून भुरी व तांबेरा यांपासून सुरुवातीचे काही आठवडे संरक्षण देतात. तांबेऱ्याचे बीजाणू वाऱ्याबरोबर दूरवरून येत असल्याने पुढील काळात मुख्य भिस्त रोगप्रतिकारक वाणांवरच ठेवावी लागते.