पॉवर स्टेशन : घरासाठी की तंबूसाठी?
- प्रतिनिधी

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे व नवी मुंबईचा वीजपुरवठा अचानक खंडित झाला. भारनियमनाची सवय नसलेल्या या महानगरात लोकल जागीच थांबल्या. घरात प्राणवायूयंत्रावर रुग्ण असेल, तर असा खंड म्हणजे जीवाशीच गाठ. अशा वेळेसाठी, आणि सहलीतील तंबूसाठीही, हल्ली पोर्टेबल पॉवर स्टेशन घेतले जाते. बॅटरी, इन्व्हर्टर आणि चार्जर एकाच पेटीत सामावलेला हा संच. मात्र दोन्ही गरजा एकाच पेटीत भागतातच, असे नाही.

खरेदीपूर्वी दोन आकडे वेगळे करून पाहावेत. वॅट म्हणजे एका वेळी किती भार पेलेल. वॅट-तास म्हणजे साठा किती. एक हजार वॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातील एक युनिट! काही जाहिरातींत 'एक लाख एमएएच' असा भारदस्त आकडा असतो. ३.७ व्होल्टने गुणल्यास तो अवघा ३७० वॅट-तास भरतो.

शिवाय रूपांतरात दहा-पंधरा टक्के वीज वाया जाते. त्यामुळे ५०० वॅट-तासांच्या संचातून हाती सुमारे ४२५ येतात. ७५ वॅटचा जुना पंखा, दोन एलईडी दिवे व वाय-फाय राउटर त्यावर चार तास चालतील. पंखा ३० वॅटचा बीएलडीसी असेल, तर सात तास. मोठा संच घेण्याआधी पंखा बदलणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. पाच लिटरचे प्राणवायूयंत्र मात्र साधारण ३५० वॅट घेते. त्याला हा संच जेमतेम सव्वा तास पुरेल. अशा घरी भरलेले सिलिंडर हाताशी हवेच. फ्रिज सुरू होताना क्षणभर कित्येक पट वीज ओढतो, म्हणून संचाची 'सर्ज' क्षमताही तपासावी. गिझर आणि इंडक्शन शेगडीचा विचारही करू नये.

स्वतःच्या घरात नेहमीच वीज जात असेल, तर भिंतीशी बसवलेला इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासांची बॅटरी आजही स्वस्त पडते. भाड्याच्या घरात वायरिंगला हात लावता येत नाही. तेथे पॉवर स्टेशन सोयीचे.

सहलीचे गणित निराळे आहे. भंडारदऱ्याला मोटारीने जाणाऱ्या कुटुंबाला दोन रात्रींचे दिवे आणि मोबाईल यांसाठी ३०० वॅट-तास पुष्कळ झाले. हरिश्चंद्रगड चढणाऱ्याने चार किलोचे हे ओझे पाठीवर का घ्यावे? त्याला पॉवरबँक पुरे. सौर पॅनेलवर फार भिस्त ठेवू नये; शंभर वॅटचे पॅनेल चांगल्या उन्हातही साठ-सत्तर वॅटच देते, पावसाळ्यात तर नगण्य. विमानप्रवासात १६० वॅट-तासांवरील बॅटरी नेता येत नाही.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे का, हे आवर्जून विचारावे. ती वजनाने जड, पण दोन-तीन हजार वेळा चार्ज होते आणि तापण्याच्या बाबतीत अधिक सुरक्षित असते. वापरात नसताना निम्मी भरलेली ठेवावी, दर तीन महिन्यांनी तपासावी आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत कधीही सोडू नये. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर लावून संचाची वीज भिंतीतील सॉकेटमध्ये सोडण्याचा प्रकार काही जण करतात. तो प्राणघातक आहे. ती वीज उलट दिशेने वाहिनीत शिरते आणि दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनला धक्का बसू शकतो.