घरगुती मिलिंग यंत्र : आधी बैठक, मग संगणक

लेथवर कामाचा तुकडा फिरतो आणि हत्यार स्थिर असते. मिलिंग यंत्रात याच्या उलट घडते. येथे दातेरी कटर फिरतो आणि शेगड्यात पकडलेला तुकडा टेबलासह त्याच्याखाली सरकतो. एकेकाळी कारखान्यातच दिसणारे हे यंत्र आता लहान आकारात हौशी कारागिरांच्या घरीही आले आहे. शांघायच्या सीग कंपनीचे ‘एक्स-२’ हे त्यातील सर्वपरिचित मॉडेल होय. निरनिराळ्या देशांत ते वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या नावाने विकले जाते. हातचाकांनी चालणारे असे यंत्र मोटरी बसवून संगणकाच्या आज्ञेवर चालविणे, यास सीएनसी रूपांतर म्हणतात. मात्र मोटर यंत्राचा दोष दूर करीत नाही. तो दोष ती तितक्याच इमानाने पुन्हा पुन्हा गिरवते.

मूळ कल्पना जुनी आहे. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे काम करणारे अमेरिकेतील जॉन पार्सन्स यांनी आकड्यांच्या आधारे यंत्र चालविण्याचा विचार पुढे नेला. एमआयटी या संस्थेने १९५२ मध्ये त्या तत्त्वावर चालणारे मिलिंग यंत्र लोकांपुढे मांडले. त्याला आज्ञा मिळत त्या छिद्रे पाडलेल्या फितीवरून, आणि नियंत्रकात निर्वात नळ्या होत्या. आज तेच काम साधा संगणक आणि ‘लिनक्ससीएनसी’सारखे विनामूल्य सॉफ्टवेअर करते.

रूपांतरापूर्वी यंत्राची बैठक तपासणे अत्यावश्यक असते. ते जड, न हलणाऱ्या टेबलावर बोल्टने घट्ट बसवावे आणि पाणसळ लावून समतल करावे. त्यानंतर स्पिंडल टेबलाला काटकोनात आहे का, हे पाहावे. त्यासाठी स्पिंडलमध्ये डायल गेज पकडून ते हाताने टेबलावर गोल फिरवितात. २०० मिमी व्यासाच्या फेरीत डाव्या व उजव्या बाजूच्या मापांत ०.१० मिमी फरक आला, तर ५० मिमी व्यासाच्या कटरची एक कड दुसरीपेक्षा ०.०२५ मिमी खाली कापते आणि शेजारच्या कापांमध्ये पायऱ्या उमटतात. ‘एक्स-२’चा खांब एकाच मोठ्या नटाने आवळलेला असल्याने जोरदार कापानंतर ही तपासणी पुन्हा करणे हिताचे ठरते.

दुसरा दोष म्हणजे स्क्रू व नट यांच्या आट्यांमधील मोकळीक, अर्थात बॅकलॅश. दिशा बदलताना हातचाक थोडे फिरते, पण टेबल जागचे हलत नाही. अनुभवी कारागीर हे जाणून नेहमी एकाच दिशेने मापावर येतो. संगणकाला हे आपोआप कळत नाही. त्याने कापलेल्या वर्तुळावर, टेबलाची दिशा जेथे उलटते त्या चार ठिकाणी, चपटे डाग दिसतात. सॉफ्टवेअरमध्ये मोकळिकीची भरपाई नोंदविता येते. परंतु कटरचा जोर टेबलाला त्या फटीत ढकलतोच. म्हणून प्रथम सरकमार्गातील गिब पट्ट्या नीट आवळाव्यात आणि शक्य असल्यास साध्या स्क्रूऐवजी बॉलस्क्रू बसवावेत.

मोटरींचे गणित सोपे आहे. नेहमीची स्टेपर मोटर एका फेरीत २०० पावले टाकते. बॉलस्क्रूच्या एका फेरीत टेबल ५ मिमी सरकत असेल, तर एका पावलाला ०.०२५ मिमी अंतर पडते. ड्रायव्हर त्या पावलाचे १० भाग करतो तेव्हा कागदावर ०.००२५ मिमी दिसतात. पण तेवढी अचूकता प्रत्यक्ष कामात मिळेल, असे मानणे चुकीचे होय. शिवाय भार वाढला की स्टेपर मोटर पावले चुकविते आणि साध्या मांडणीत नियंत्रकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

बॉलस्क्रू हलके फिरतात, हाच त्यांचा गुण आणि हाच धोका. वीज गेल्यास स्पिंडलचे जड डोके स्वतःच्या वजनाने खाली घसरू शकते. म्हणून उभ्या अक्षाला ब्रेक किंवा प्रतिभार हवा. आपत्कालीन बटण केवळ सॉफ्टवेअरवर विसंबलेले नसावे. ते दाबताच स्पिंडल व अक्षांच्या मोटरींचा वीजपुरवठा थेट तुटला पाहिजे. यंत्राचे अर्थिंग तपासून घ्यावे. चालू ड्रायव्हरपासून मोटरची तार काढू नये. तो जळण्याची शक्यता असते. चष्मा अनिवार्य, हातमोजे वर्ज्य, आणि धातूचा कीस यंत्र थांबवून ब्रशनेच झाडावा.

पहिली चाचणी कटर न लावता, दुसरी मेणावर किंवा लाकडावर आणि त्यानंतरच ॲल्युमिनियमवर घ्यावी. हातचाकावर जे यंत्र अचूक माप देते, तेच संगणकाच्या हाती सोपविण्यास योग्य ठरते.